झाड भादरल्यावर: पुन्हा फुटेल की गेलं, हे तपासण्याचा क्रम

एप्रिलचा शेवटचा आठवडा उजाडला की माझ्या व्हॉट्सअॅपवर एकाच जातीचे फोटो यायला लागतात. निळं आभाळ, त्यात उभा बोडका बुंधा, दोन-चार जाड ठुठं, खाली पाल्याचा ढीग, आणि फोटोखाली प्रश्न: "ताई, जगेल ना हो?" पावसाळ्याआधी चार फांद्या कमी करायला माणूस बोलावलेला असतो. घरचे जेवून जरा आडवे होतात, चहाला उठतात तोवर काम उरकलेलं असतं. त्यातून लाकूडफाटा त्याचाच ठरला असेल तर विचारायलाच नको.

मी पुण्यात बंगल्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागा सांभाळते. माहेर तासगावकडचं, द्राक्षबागेतलं. दर एप्रिलमध्ये खरड छाटणी होऊन बाग नुसत्या तारा आणि ओलांड्यांची (तारेवर आडव्या वळवलेल्या जाड फांद्यांची) होते आणि पंधरा दिवसांत पोपटी होते, हे लहानपणापासून पाहिलेलं. त्यामुळे "कापलं तर कापलं, फुटेल की" असं सुरुवातीला मीही लोकांना सांगायचे. दोन चिकू आणि एक सोनचाफा गेल्यावर शहाणी झाले. द्राक्षवेल रोपापासून त्या छाटणीसाठीच वळवलेली असते, तिचा प्रत्येक डोळा मोजून ठेवलेला असतो. ज्याने तीस वर्षांत कात्री पाहिली नाही त्या आंब्याला तो हिशोब लागू होत नाही.

तरीही पहिल्यांदा दिलासा देते. अशी झाडं मी बरीच पाहिली आणि त्यातली बहुतेक वाचली. जी गेली, त्यातली निम्मी तरी कुऱ्हाडीने गेली नाहीत. नंतरच्या प्रेमाने गेली: पाणी, युरिया, डांबर, आणि "वाळलेलं दिसतंय" म्हणून पुन्हा एकदा छाटणी. म्हणून खालच्या तपासण्या क्रमानेच करा. पहिल्या तीन फुकट आहेत आणि बहुतेकांचं उत्तर तिथेच मिळतं.

आधी लक्षणं

तुमच्या झाडात यातलं काय दिसतंय ते बघून ठेवा. एकापेक्षा जास्त असू शकतात.

- महिना-दीड महिना झाला, एकही धुमारा नाही.
- धुमारे आले, वीतभर वाढले आणि मान टाकून वाळले.
- कापलेल्या टोकाशी केरसुणीसारखा झुपका फुटलाय, खाली काहीच नाही.
- वरती शुकशुकाट, पण बुंध्यापाशी जमिनीलगत जोरदार फूट.
- सालीला उभ्या भेगा, पापुद्रे सुटतायत, एकाच बाजूने जास्त.
- खोडातून डिंक गळतोय, किंवा बुडाशी लाकडाचा ओलसर भुसा पडतोय.
- बुंध्यावर किंवा मुळांपाशी अळंबीसारखी वाढ.

शेवटचं लक्षण असेल तर मधलं सगळं सोडा आणि थेट "इथे थांबा" या भागाकडे जा.

१. झाड कोणतं आणि कापलं कधी?

खर्च शून्य. फक्त आठवायचं आहे, आणि तरीही लोक हेच करत नाहीत.

नारळ, सुपारी, बॉटल पाम असलं काही असेल आणि त्याचा शेंडाच उडवला असेल, तर वाट पाहू नका. या झाडांना वाढीचा कोंब एकच, शेंड्याच्या गाभ्यात. तो गेला की खोडावर दुसरा डोळा फुटत नाही. झावळ्या कापल्यात पण मधला कोंब शाबूत आहे, असं असेल तर झाड जगेल, फक्त पुढचं वर्ष-दोन वर्षं मलूल राहील.

सुरूचं झाड आणि बंगल्यासमोर लावतात ते ख्रिसमस ट्री यांनाही जुन्या, बिनपानाच्या लाकडावर सहसा फूट येत नाही. हिरवी फांदी शिल्लक असेल तेवढ्यावरच आशा.

याच्या उलट वड, पिंपळ, उंबर, कडुलिंब, शेवगा, उंदीरमारी, साग, प्राजक्त, सीताफळ. ही चिवट मंडळी. शेवगा तर हंगाम संपल्यावर मुद्दाम कंबरेएवढा ठेवून छाटतात. पेरूही सोसतो. आंबा फुटतो, पण आपल्या सवडीने. चिकू, बकुळ आणि सोनचाफा फार संथ, त्यांच्या बाबतीत घाईने निकाल द्यायचा नाही.

आता तारीख. झाड नवी फूट काढतं ते साठवणीतल्या पिठावर. पानांनी वर्षभर तयार केलेलं अन्न स्टार्चच्या रूपात लाकडात आणि मुळांत साठवलेलं असतं. कडुलिंब फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं झाडतो आणि लगेच तांबूस कोवळी पालवी काढतो. ती पालवी उलगडली आणि त्याच आठवड्यात तुम्ही झाड भादरलंत, तर साठवण नुकतीच खर्च झालेली आणि कमावणारी पानंही गेली. पगार जमा व्हायच्या आदल्या दिवशी घरात चोरी व्हावी, तसं. हेच झाड पानगळीनंतर पण पालवीआधी कापलं असतं, तर तिप्पट जोमाने उठलं असतं.

माझ्या अनुभवातल्या ढोबळ मुदती सांगते: कडुलिंब, शेवगा, प्राजक्त तीन ते पाच आठवडे. पेरू, सीताफळ महिना-सव्वा महिना, पण उन्हाळ्यात पाणी नसेल तर पहिल्या पावसापर्यंत गप्प. आंबा दोन महिने. चिकू, बकुळ तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. गुलमोहर आणि पांढरा चाफा एरवीही वर्षातले काही महिने बिनपानाचे असतात, त्यामुळे ते छाटणीने गप्प आहेत की ऋतूने, हे आधी बघा. शेजारच्या गल्लीतल्या गुलमोहराकडे एक नजर टाकली की कळतं.

मुदत संपली नसेल तर पुढची तपासणी करा आणि झाडाला एकटं सोडा.

२. नखाची परीक्षा

पोस्टमधलं एवढं एकच वाचून केलंत तरी चालेल.

शिल्लक फांद्यांपैकी सगळ्यात बारीक, पेन्सिलएवढी कुठे मिळते का पाहा. तिच्या सालीवर अंगठ्याचं नख हलकेच ओढा. वरचा करडा पापुद्रा निघाला की खालचा थर दिसतो. जिवंत फांदीत तो हिरवा असतो, काकडीच्या सालीखालच्या रंगासारखा, आणि नखाला ओल लागते. बोटं नाकाशी नेलीत तर कच्च्या पानांचा वास येतो. आंब्याला तर कैरीचा देठ तोडल्यावर येतो तसा चीक आणि वास, लपवता न येणारा. मेलेल्या फांदीत खालचा थर तपकिरी, कोरडा, नख ओढल्यावर भुगा निघतो आणि वास जुन्या काडेपेटीचा.

टोकाला तपकिरी लागलं म्हणून हाय खाऊ नका. तिथून एक वीत खाली या, पुन्हा खरवडा. पुन्हा तपकिरी? आणखी एक वीत. कुठेतरी हिरवं लागतं. त्या जागी दोरा बांधा आणि तारीख लिहून ठेवा. दोन आठवड्यांनी पुन्हा बघा. हिरव्याची हद्द तिथेच असेल तर झाड सावरतंय. ती दर खेपेला खाली सरकत असेल, तर झाड वरून वाळत चाललंय आणि पुढच्या तपासण्या लवकर करायला हव्यात.

जाड बुंध्यावर नख चालत नाही. तिथे धारदार चाकूने नखाएवढी, अगदी उथळ चकती काढा. जुन्या खोडात हिरवा रंग दिसेलच असं नाही. ओलसर आणि पांढरट-पिवळट असलं तरी जिवंत. कडुलिंबाची आतली साल मुळात तांबूस असते, ती पाहून एका काकांनी झाड मेलं म्हणून तोडायचा अर्जसुद्धा लिहून ठेवला होता. रंगापेक्षा ओल पाहा. आणि चारी बाजूंनी पाहा, कारण एका बाजूची साल मेली आणि तिघींची जिवंत असं सर्रास असतं. सालीखालचा हा थर म्हणजेच झाडाची वाढणारी कातडी. तो बुंध्याभोवती अर्ध्याहून जास्त जिवंत असेल तर मी झाडाच्या बाजूने पैज लावते.

सालीखाली झोपलेले डोळे इथूनच जागे होतात. आंब्याच्या बुंध्यावर पहिली फूट येते ती पानासारखी दिसतच नाही. सालीच्या भेगेतून टाचणीच्या डोक्याएवढे तांबडे ठिपके वर येतात, दुरून मुंग्या वाटतात. चष्मा लावून बघा. मे महिन्यातल्या एका सकाळी असे ठिपके मोजताना सोसायटीच्या वॉचमनने मला "ताई, मुंग्यांना औषध मारू का?" म्हणून विचारलं होतं. वेळेवर विचारलं म्हणून बरं.

३. मातीत हात घाला

झाड बोडकं दिसलं की माणसाचा हात नळाकडे जातो. इथेच घात होतो.

पाणी मुळं ओढतात खरं, पण ओढण्याचा पंप पानांत आहे. पानांतून वाफ उडते तेव्हा खालून पाणी वर चढतं. पानंच गेली तर पाण्याची गरज एकदम खाली येते. तरी आपण रोज पाइप सोडून ठेवतो. काळ्या मातीत ते पाणी हलत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि ती सडू लागतात. मग धुमारे येतात आणि मान टाकतात, आणि मालक म्हणतो, पाणी कमी पडलं वाटतं. माझा पहिला चिकू असाच गेला, पाणी मीच सांगितलं होतं.

खुरप्याने वीतभर खड्डा घ्या. तळाची मूठभर माती दाबा. गोळा होऊन चिकट राहिली तर पाणी बंद. गोळा होतो पण बोटाने फुटतो, तर ठीक चाललंय. गोळाच होत नाही, तर पाणी द्या. मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांतून एकदा सावकाश, खोलवर. काळ्या जमिनीत त्याहून जास्त दिवसांनी. पाणी बुंध्याशी ओतायचं नाही. पूर्वी दुपारी जिथवर सावली पडायची त्या कडेला द्या, अन्न-पाणी ओढणारी बारीक मुळं तिकडे असतात. पाऊस सुरू झाला की हात आखडता घ्या.

कापलेल्या फांद्यांचा पाला फेकू नका. तोच आळ्यात चार बोटं पसरा, बुंध्यापासून वीतभर जागा मोकळी ठेवून. ओल टिकते, माती तापत नाही.

४. आतापर्यंत काय काय घातलंत?

खरं सांगा. युरिया? डीएपी? ताजं शेण? कुणीतरी सांगितलं म्हणून मीठ? (हो, मीठ. नारळाला घालतात म्हणून कडुलिंबाला.)

युरियाने झाड फुटत नाही असं नाही. फुटतं, आणि तीच अडचण. नत्राच्या जोरावर लुसलुशीत, लांबलचक धुमारे निघतात. त्यासाठी उरलीसुरली साठवण खर्ची पडते, आणि त्या कोवळ्या फुटीवर मावा आणि अळ्या तुटून पडतात. शिवाय पान नसलेल्या झाडाच्या मुळांशी खताचे क्षार साठून मुळं करपतात. घातलं असेल तर दोन-तीन वेळा भरपूर पाणी देऊन ते धुवून काढा, निचरा चांगला असेल तरच. त्यानंतर पहिली पानं पूर्ण गडद हिरवी होईपर्यंत खत नाही. मग हवं तर कुजलेलं शेणखत, एवढंच.

५. सालीला ऊन लागलंय का?

वर्षानुवर्षं दाट सावलीत असलेली साल छाटणीच्या दुसऱ्या दिवशी थेट एप्रिल-मेच्या उन्हात येते. आपल्यासारखीच भाजते. पश्चिमेकडची बाजू आणि आडव्या फांद्यांची वरची पाठ आधी. पहिल्यांदा साल किंचित खोलगट, काळपट दिसते. महिन्याभराने उभी भेग पडते. मग पापुद्रा सुटतो आणि आत बुरशी-किड्यांना दार उघडं.

उपाय स्वस्त आहे. चुना पाण्यात कालवून ताकाएवढा पातळ करायचा आणि बुंधा व जाड फांद्यांना, विशेषतः पश्चिमेकडून, दोन हात द्यायचे. पांढऱ्या रंगावरून ऊन परततं. रस्त्यावरच्या झाडांना गेरू-चुन्याचे पट्टे मारतात त्याच्याशी याची गल्लत नको, तो पट्टा कंबरेपर्यंतच असतो; आपल्याला उघडी पडलेली सगळी साल झाकायची आहे. ऑइलपेंट मारू नका. चुना नको असेल तर जुनं गोणपाट सैलसर गुंडाळा आणि पाऊस आला की काढून टाका, नाहीतर त्याखाली ओल धरून नवंच दुखणं.

हे छाटणीनंतर पहिल्या आठवड्यात केलं तरच पुरता फायदा. महिन्याने केलंत तर जे भाजलं ते भाजलं, पण पुढचं वाचतं.

६. जखमा पाहा

आता थोडं काम आहे. करवत लागेल, कोयता नाही.

अमेरिकेच्या वनखात्यात अलेक्स शिगो नावाचे शास्त्रज्ञ होते. त्यांनी हजारो झाडं करवतीने उभी चिरून आतल्या जखमा पाहिल्या. त्यांचं म्हणणं असं की आपली जखम भरते तशी झाडाची भरत नाही. झाड कुजकं लाकूड दुरुस्त करत नाही, त्याच्याभोवती भिंती घालून ते कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवतं. म्हणून जखमेची जागा आणि आकार महत्त्वाचा.

फांदी खोडाला मिळते तिथे बांगडीसारखा फुगवटा असतो. नवं लाकूड तिथून चढतं. कुऱ्हाडवाल्याने त्या फुगवट्यासकट तासून खोड सपाट केलं असेल, तर आता काही करता येत नाही, फक्त लक्ष ठेवायचं. उलट हातभर ठुठं ठेवलं असेल, तर घाई नको: त्यावर धुमारे येतात का पाहा. ठुठं नखाच्या परीक्षेत पूर्ण तपकिरी निघालं तरच फुगवट्याच्या बाहेरून सफाईने कापा. जड ठुठं असेल तर आधी खालून अर्ध्याच्या आत एक काप, मग थोडं पुढे वरून काप, आणि उरलेला तुकडा शेवटी. एका दमात वरून कापलं तर पडता पडता ते खोडाची साल हातभर सोलून नेतं. संत्र्याच्या बागेत वाळल्या काड्या काढण्याला सल काढणं म्हणतात. तसंच हे, फक्त मेलेलं काढायचं, जिवंताला हात लावायचा नाही.

फाटलेली, कुऱ्हाडीने ठेचलेली कड धारदार चाकूने गुळगुळीत करा, पाणी साचणार नाही अशी उतरती. त्यावर डांबर, सिमेंट, रंग काही नको. आत ओल कोंडते आणि कूज वाढते. बागाईतदारांची पद्धत बोर्डो पेस्टची आहे आणि पावसाच्या तोंडावर कापलं असेल तर मीही ती लावते. घरापुरतं प्रमाण: शंभर ग्रॅम मोरचूद, शंभर ग्रॅम कळीचा चुना, एक लिटर पाणी. मोरचूद अर्धा लिटर पाण्यात रात्रभर भिजवा, चुना वेगळ्या अर्ध्या लिटरमध्ये विझवून गार करा, मग दोन्ही एकदम तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची. तयार झाल्यावर लोखंडी खिळा घासून पुसून त्यात मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर मोरचूद जास्त झालंय, अजून चुना घाला. हातमोजे घाला, त्याच दिवशी वापरून संपवा, आणि उरलेलं आळ्यात किंवा मोरीत ओतू नका.

७. भुसा, डिंक, मातीचे पट्टे

अशक्त झाडाचा वास किड्यांना लागतोच. आंब्यात मुख्य शत्रू म्हणजे खोडकिडा, कोकणात त्याला भिरूड म्हणतात. बुंध्याशी ओलसर भुसा पडलेला दिसला की वर भोक शोधा. सायकलच्या आऱ्याची तार किंवा तसलीच लवचीक तार आत घालून फिरवा, अळी सापडली तर टोकाला पांढरट ओल लागते. मग रॉकेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये भिजवलेला कापसाचा बोळा आत सरकवून तोंड ओल्या मातीने लिंपा. आठवड्याने पुन्हा पाहा. नवा भुसा असेल तर पुन्हा. एक-दोन भोकं असतील तर हे घरी जमतं. पाच-सहा असतील तर नाही.

मातीचे पट्टे म्हणजे वाळवी. ती बहुधा मेलेली साल खाते, त्यामुळे ती दिसली म्हणजे झाड गेलं असं नाही. पट्टे ब्रशने झाडून खाली नखाची परीक्षा करा.

लिंबूच्या झाडातून डिंक गळत असेल तर बहुतेकदा बुंध्याशी पाणी साचल्याचा तो पुरावा; या रोगाला डिंक्या म्हणतात. तिसऱ्या तपासणीकडे परत जा, मग डिंक खरवडून बोर्डो पेस्ट लावा. आणि आंब्याचे नवे धुमारे शेंड्याकडून वाळत असतील तर एक शेंडा उभा चिरा. आत अळी असेल तर तेवढे शेंडे खालून खुडून नष्ट करा.

८. फूट आली, पण चुकीच्या जागी

हे कलमी झाडांचं. वरचं सगळं गप्प आणि जमिनीलगत जोमदार फूट आली की घरात पेढे वाटले जातात. पेढे खाण्याआधी कलमाचा सांधा शोधा. बुंध्याच्या तळाशी साल एकदम बदलते, किंचित गाठ असते. फूट त्या खालून असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं होतं त्याची. हापूस म्हणून वाढवाल आणि पाच-सहा वर्षांनी आंबट रायवळ खाल. सांध्याच्या वर जिवंत असेल तर खालची फूट काढत राहा, ती वरच्याचा घास पळवते. वर काहीच जिवंत नसेल तर ठरवा: त्यावर पुन्हा कलम बांधून घ्यायचं की सावलीसाठी रायवळ चालेल.

९. फूट आली, भरपूर आली

आता हात शिवशिवतात. थांबा. पहिल्या पावसाळ्यात सांध्याखालची सोडून एकही फूट काढू नका. झुपका कितीही कुरूप दिसो, प्रत्येक पान रिकामी झालेली कोठी भरतंय. पाऊस संपल्यावर, धुमारे हातभर आणि तळाशी लाकडी झाले की प्रत्येक ठुठ्यावर बाहेरच्या अंगाला झुकलेले, एकमेकांपासून लांबचे तीन-चार ठेवा. सरळ वर सुसाट गेलेले पाणसोट काढा. पुढच्या वर्षी त्या तीन-चारांतले दोनच ठेवा. कधीही एका वर्षात चौथ्या हिश्श्यापेक्षा जास्त पानोळा काढायचा नाही.

विरळणी टाळू नका मात्र. हे धुमारे मूळच्या फांदीसारखे खोडाच्या गाभ्यातून निघालेले नसतात, सालीजवळून उगवलेले असतात, त्यामुळे त्यांचा जोड कच्चा. दोन-तीन वर्षांनी ते मनगटाएवढे होतात आणि वळवाच्या एका झोतात गाडीच्या टपावर येतात. गंमत अशी की झाड पडू नये म्हणून भादरलेलं असतं.

१०. मुळांना जागा

सगळ्यात खर्चिक, म्हणून शेवटी. वर सगळं ठीक, तरी फूट रडकी असेल तर बुंध्याभोवती पाहा. पेव्हर ब्लॉक थेट सालीला टेकलेत? कोबा केलाय? गेल्या वर्षात ड्रेनेजसाठी चर खणला होता? मुळं आणि फांद्या दोन्ही एकाच वर्षी गेल्या असतील तर झाडाला दोन्हीकडून मार आहे. निदान तीन-चार फुटांचं आळं मोकळं करा. ब्लॉक हाताने काढा, ड्रिलने नाही. मुळं दिसली तर कापू नका. भरावाची माती बुंध्यावर चढली असेल तर मूळ पसरायला लागतं त्या पातळीपर्यंत उकरून काढा.

इथे थांबा, माणूस बोलवा

पुढचं काहीही दिसलं तर घरचे प्रयोग बंद:

- बुंध्यावर किंवा मुळांपाशी फळीसारखी, टणक अळंबी. गुलमोहरात हे फार. आतून मुळं किंवा बुंधा कुजल्याची खूण आहे. अशा झाडाला भरपूर पालवी असली तरी ते उभ्या उभ्या कोसळू शकतं.
- झाड पूर्वीपेक्षा कललंय, किंवा एका बाजूची जमीन उचलली गेलीय, तडा गेलाय. त्याच्याखालून माणसं आणि गाड्या हलवा, मग फोन.
- खोड किंवा मोठा बेचका उभा चिरलाय. तार गुंडाळून आवळू नका, तारेने गळफास बसतो.
- बुंध्याची साल अर्ध्याहून जास्त परिघात तपकिरी, कोरडी.
- लाकडी हातोडीने ठोकल्यावर बुंधा ढोलासारखा वाजतो.
- विजेची तार फांदीपासून हातभर आहे. इथे माळीही नको. आधी वीज कंपनीच्या कार्यालयाला कळवून पुरवठा बंद करून घ्यायचा.
- कामाला शिडी आणि करवत एकत्र लागणार आहे.

बोलवायचं कुणाला? शहरात महापालिकेच्या उद्यान विभागाला किंवा वृक्ष अधिकाऱ्याला. ते झाड तुमच्या कुंपणाच्या आत असलं तरी. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा झाडांच्या जतनाचा कायदा आहे आणि त्यात झाड तोडणं म्हणजे फक्त बुंध्यातून कापणं नव्हे; जाळणं आणि इजा करणंही त्यातच धरलंय. म्हणून मेलंय असं तुमचं ठाम मत झालं तरी परवानगीशिवाय कापू नका, आणि पुढच्या वर्षीची छाटणीही आधी अर्ज करून. फळझाडाचं दुखणं असेल तर जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा कृषी महाविद्यालयात विचारा. झाड रस्त्यावर किंवा घरावर झुकलं असेल तर अग्निशमन दल. "मी पण बघतो" म्हणत कुऱ्हाड घेऊन आलेला पहिला माणूस यात कुठेही बसत नाही.

आणि गेलं असं कधी म्हणायचं? एक पूर्ण पावसाळा उलटल्यावर. दसऱ्याच्या सुमारास बुंध्याच्या अगदी तळाशी, मातीलगत, चारी दिशांना चकती काढा. चारही तपकिरी आणि कोरड्या निघाल्या तर गेलं. एकही ओली निघाली तर अजून नाही.

कुणालाही बोलावण्याआधी एवढं लिहून ठेवा, त्याचा निम्मा वेळ वाचतो: झाडाची जात, कापल्याची तारीख, छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर सेंटिमीटरमध्ये, दोरा बांधलेल्या जागा आणि तारखा, काय काय घातलं त्याची यादी (मिठासकट), आणि चारी बाजूंचे फोटो. दुपारच्या उन्हात काढलेले नकोत, त्यात साल पांढरी फटक दिसते. सकाळी आठच्या आत काढा.